वाचक विचारतात : बोडीतली मासोळी नवी केव्हा ठरते?

गेल्या अंकात मालगुजारी तलावांतल्या बोटभर माशांवर टिपण आले होते. रोहू-कटल्याच्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या या मासोळ्यांची बारकाईने तपासणी अजून व्हायची आहे, असे त्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

आमच्या बोडीत (लहान तळ्यात) आणि धानाच्या बांध्यांत दोन काळ्या ठिपक्यांची चपटी मासोळी असते. पाऊस लागला की काहींच्या अंगावर लाल झाक येते, काही रुपेरीच राहतात. या दोन वेगवेगळ्या आहेत का? यातली एखादी नवी असू शकते का?
— अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

लाल आणि रुपेरी हे बहुधा नर-मादी आहेत. विणीच्या काळात नराला रंग चढतो, पाठीच्या परावरचे (पंखावरचे) काळे ठिपके गडद होतात; मादी फिकट आणि पोटाने रुंद राहते. नोव्हेंबरात तीच मासोळी पुन्हा धरलीत तर हा फरक बराचसा मावळलेला दिसेल. रंगावरून प्रजाती पाडण्याची घाई इथेच अंगाशी येते.

आधी दोन ठिपके कुठे आहेत ते पाहा. एक ठिपका शेपटीच्या बुडाशी आणि दुसरा पाठीच्या पराच्या बुडाशी असेल, तर ती बहुधा पुंटियस सोफोर. एक लहान ठिपका कल्ल्याच्या मागे आणि दुसरा मोठा शेपटीच्या दांड्यावर (शेपटीच्या पराआधीच्या निमुळत्या भागावर), गुदपराच्या वर असेल, तर ती पेथिया या जीनसमधली (जवळच्या प्रजातींच्या गटातली). खात्रीसाठी पाठीच्या पराची पुढची जाड काडी पाहा. तिच्या मागच्या कडेवरून टाचणी हलकेच ओढा. पेथियात ती करवतीसारखी दातेरी असल्याने टाचणी अडकते. सोफोरमध्ये ती सरळ घसरते. दहापट भिंग असेल तर दाते डोळ्यांनीही दिसतील.

आता नवेपणाचा प्रश्न. आपल्याकडे दोन ठिपक्यांची कुठलीही पेथिया दिसली की 'पेथिया टिक्टो' लिहून मोकळे होण्याची सवय आहे. टिक्टोचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगा खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात केले, आणि ती मासोळी होती बंगालच्या आग्नेय भागातली. हॅमिल्टन यांच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कुठल्याच संग्रहालयात नाहीत. वर्णने आणि काही चित्रे तेवढी उरली आहेत. म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या तुमच्या बोडीतली मासोळी शेकडो कोस दूरच्या, नमुना नसलेल्या माशाच्या नावाने ओळखली जाते आहे. पेथिया हे जीनसही २०१२ मध्येच पुंटियसपासून वेगळे काढले गेले. त्यानंतर महाराष्ट्रातल्या कृष्णा खोऱ्यातूनच २०१४ मध्ये पेथिया लाँगिकॉडा आणि २०१६ मध्ये पेथिया संजयमोलुरी अशा नव्या प्रजाती वर्णिल्या गेल्या. गोदावरी खोऱ्यात असे काही निघणारच नाही, असे म्हणता येत नाही.

पण शक्यता हा पुरावा नव्हे. टिक्टोत पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूवरची छिद्रांची ओळ) अर्धवट असते, म्हणजे छिद्रे असलेले खवले काही अंतरावर संपतात आणि पुढचे खवले बिनछिद्राचे असतात. तुमच्या मासोळीत छिद्रांचे खवले किती, ते कल्ल्यापासून मोजा. एकाच नव्हे, किमान दहा-पंधरा मासोळ्यांत. आकडा सगळ्यांत जवळपास सारखा असेल आणि छापील वर्णनांपेक्षा स्पष्ट वेगळा असेल, तर पुढच्या तपासणीला अर्थ आहे.

नाल्यात सापडलेली एक वेगळी मासोळी मोहाच्या दारूत बाटलीत ठेवली होती. आठ दिवसांत ती मऊ पडून वास सुटला. पहिल्या धारेची होती. काय चुकले?
— धानोरा, जि. गडचिरोली

पहिली धार प्यायला कडक लागत असेल, पण मासा टिकवायला ७० टक्के अल्कोहोल लागते आणि घरच्या भट्टीत ते प्रमाण हातात राहत नाही. शिवाय माशाच्या अंगातले पाणी दारूत उतरते आणि ती आणखी पातळ होते. बाटलीत मासे ठासून भरले असतील तर हे आणखी लवकर घडते. दुसरी गोष्ट, ७० टक्के अल्कोहोलही ताज्या माशाला थेट चालत नाही. आतडी आतून सडतात आणि अंग आकसते. पद्धत अशी की आधी फॉर्मेलिनमध्ये मासा पक्का करायचा, मग अल्कोहोलमध्ये साठवायचा.

बाजारातले फॉर्मेलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचे १०० मिली आणि पाणी ९०० मिली, म्हणजे '१० टक्के फॉर्मेलिन'. त्यात लिटरमागे साधारण ३ ग्रॅम बोरॅक्स टाकावे, नाहीतर द्रावण आम्लधर्मी होऊन हाडे ठिसूळ होतात आणि पुढे काड्या मोजताना तुटतात. पाच सेंटिमीटरच्या आतल्या मासोळीला दोन-तीन दिवस पुरतात. ती सरळ, पर पसरलेल्या स्थितीत पक्की व्हावी म्हणून पहिली काही मिनिटे उथळ ताटलीत आडवी ठेवावी. बाटलीत वाकून घट्ट झालेली मासोळी नंतर मोजता येत नाही. मग दिवसभर साध्या पाण्यात, पाणी दोन-तीनदा बदलून धुवावी आणि ३०, ५०, ७० टक्के अशा टप्प्यांनी अल्कोहोलमध्ये न्यावी. थेट ७० मध्ये टाकली तर सुरकुत्या पडतात.

हे घरी करू नका, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि तो कर्करोगकारक पदार्थ आहे. हातमोजे, उघडी हवा आणि मुलांपासून दूर कुलूपबंद जागा नसेल तर हे काम जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागावर सोडावे. तुम्ही करण्यासारखे खूप आहे. मासोळी जिवंत असताना काचेच्या अरुंद भांड्यात स्वच्छ पाण्यात ठेवून तिच्या डाव्या बाजूचा फोटो घ्या, शेजारी पट्टी धरून. डावी बाजूच, कारण जगभर वर्णने आणि मोजमापे डाव्या बाजूची असतात. मेल्यावर अर्ध्या तासात रंग उतरू लागतो, म्हणून हा फोटो पुन्हा मिळत नाही. मग मासोळी पिशवीत बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोहोचती करा.

सोबत एक चिठ्ठी हवी: नाला कोणता, कोणत्या नदीला मिळतो, गाव, तालुका, तारीख, कोणी धरली, तळ रेतीचा की गाळाचा, आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची. झाकणावर लिहिलेले झाकणाबरोबर दुसऱ्या बाटलीवर जाते. गावातले धीवर तिला काय म्हणतात तेही लिहा. ठिकाण नसलेली मासोळी कितीही वेगळी असली तरी अभ्यासकाच्या उपयोगाची नसते.

मी एम.एस्सी. करतो. मेळघाटातल्या ओढ्यात दगडाखाली राहणारी, मिशा असलेली पट्टेदार मासोळी मिळाली आहे. आठ नमुने आहेत. वर्णन लिहायचे तर नेमके काय मोजायचे? मार्गदर्शक म्हणतात आधी चावीने (लक्षणांवरून ओळख पटवणाऱ्या तक्त्याने) ओळख. चावीत ती बसत नाही.
— चिखलदरा, जि. अमरावती

चावीत बसत नाही याचे पहिले कारण नवी प्रजाती हे धरू नका. चावी दुसऱ्या प्रदेशासाठी बनवलेली असते, एखादे लक्षण पिल्लांत नीट उमटलेले नसते, किंवा मोजताना चूक झालेली असते. हे तिन्ही आधी निस्तरा.

पहिली फोड कुळाची. डोळ्याच्या खाली टोचणारा दुहेरी काटा आहे का, ते सुईच्या टोकाने चाचपा. असेल तर कोबिटिडी कुळ, आपल्याकडे बहुधा लेपिडोसेफॅलिक्थिस. त्याच्या नरांत छातीच्या परातली सातवी-आठवी काडी जुळून एक जाडसर चकती झालेली दिसते. काटा नसेल तर नेमाकायलिडी. त्यात पाठीचा पर पोटाच्या परापेक्षा मागे सुरू होत असेल आणि पुढच्या नाकपुडीला मिशीसारखा लांब पदर असेल, तर इंडोरिओनेक्टीसकडे जा. हे महत्त्वाचे अशासाठी की फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याहून वर्णिलेली इंडोरिओनेक्टीस इव्हेझार्डी ही एकच प्रजाती सर्वदूर आहे, असे फार काळ मानले जात होते. बारकाईने पाहिल्यावर त्या नावाखाली अनेक प्रजाती दडल्या असल्याचे दिसले आणि २०२१ मध्ये पश्चिम घाटाच्या उत्तर भागातून या जीनसच्या एकाहून अधिक नव्या प्रजाती वर्णिल्या गेल्या.

मोजमापाला ०.१ मिलीमीटर दाखवणारा डिजिटल कॅलिपर घ्या. प्रमाण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत. शेपटी वाकवली की जिथे सुरकुती पडते ती जागा. शेपटीचे टोक धरू नका, ते फाटलेले असते. मग डोक्याची लांबी, अंगाची उंची, डोळ्याचा व्यास, दोन डोळ्यांमधले अंतर, तोंडाच्या टोकापासून प्रत्येक पराच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर, शेपटीच्या दांड्याची लांबी आणि उंची, गुदद्वारापासून गुदपरापर्यंतचे अंतर, प्रत्येक मिशीची लांबी. अंगाची मापे प्रमाण लांबीच्या टक्क्यांत, डोक्यावरची डोक्याच्या लांबीच्या टक्क्यांत द्या. प्रत्येक माप दुसऱ्या दिवशी पहिले आकडे न पाहता पुन्हा घ्या. तीस मिलीमीटरच्या माशात डोळा दोन-अडीच मिलीमीटरचा. तिथे कॅलिपर जरा जास्त दाबला की टक्केवारी बिघडते आणि कागदावर एक खोटी प्रजाती तयार होते.

एक सापळा वाढीचा आहे. लहान वयात डोळा मोठा आणि डोके लांब दिसते. तुमचे नमुने पंचवीस मिलीमीटरचे आणि तुलनेचे पन्नासचे असतील तर जो फरक दिसेल तो वयाचा. आकाराने सारखे मासे समोरासमोर ठेवा, आणि नर-मादी वेगळे मोजा.

काड्या मोजताना मासा खालून उजेड दिलेल्या काचेवर ठेवा. बिनफाट्याच्या काड्या रोमन आकड्यांत, फाटे फुटलेल्या साध्या आकड्यांत लिहितात. शेवटच्या दोन काड्या एकाच बुडातून निघाल्या असतील तर त्या एक किंवा दीड अशा धरतात. कोणती रीत वापरली ते लिहा. तुमच्या आणि जुन्या लेखाच्या रीतींत फरक असेल तर एका काडीचा 'फरक' आपोआप निघतो. अशा मासोळ्यांत पार्श्वरेषेची छिद्रे, अंगावरचे पट्टे आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागांची रुंदी, ओठांच्या घड्या, शेपटीच्या पराची खाच हेही नोंदवायचे. मणके मोजायला एक्स-रे किंवा सीटी लागतो. त्यासाठी मोठ्या संस्थेची मदत घ्या.

आठ नमुने कमी नाहीत, पण एकाच ओढ्यातले असतील तर कमी. मेळघाटातली सिपना, गाडगा, खापरा तापीकडे वाहतात. अमरावती जिल्ह्याचा पूर्व भाग वर्धेकडे, म्हणजे गोदावरीकडे उतरतो. एकाच डोंगराळ जिल्ह्यात दोन खोरी आहेत. दगडाखालचा मासा सपाट नदीतून सहसा प्रवास करत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे नमुने पाहिल्याशिवाय तुमचा मासा कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो, ते कळणार नाही. आणि पुण्याहून आणलेल्या इव्हेझार्डीशी तुलना टाळता येत नाही. मूळ ठिकाणचा मासा हातात धरून तपासणे हेच या कामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत जास्त वेळा वगळले जाणारे पाऊल आहे.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मासा धरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आधीचे नमुने परवानगीशिवाय घेतले असतील तर नियतकालिक लेख परत पाठवेल. मार्गदर्शकांमार्फत अर्ज करा.

डीएनए काढला की नवी प्रजाती आहे की नाही ते सरळ कळत नाही का? मग एवढे मोजत कशाला बसायचे?
— पुसद, जि. यवतमाळ

बहुतेक प्रयोगशाळा सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. दुसऱ्या प्रजातीपेक्षा त्यात दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर शंका घ्यायला जागा आहे. एवढेच, दोन टक्के हा कायदा नाही. अलीकडे वेगळ्या झालेल्या प्रजातींत फरक एका टक्क्याहून कमी असू शकतो, आणि एकाच प्रजातीत दूरदूरच्या नद्यांत तो दोनवर जाऊ शकतो. हे जनुक फक्त आईकडून येते, त्यामुळे कधीकाळी संकर झाला असेल तर ते दुसऱ्याच प्रजातीकडे बोट दाखवते. त्याहून मोठी अडचण सार्वजनिक जनुकपेढीत आहे: तिथे चुकीच्या नावाने जमा केलेले तुकडे पुष्कळ आहेत. 'पेथिया टिक्टो' म्हणून ठेवलेला तुकडा खरोखर टिक्टोचा आहे की कोणाच्या तरी बोडीतल्या अशाच माशाचा, हे तुकडा स्वतः सांगत नाही.

म्हणून डीएनए आणि मोजमाप दोन्ही एकाच माशाचे हवे. फॉर्मेलिनमध्ये घालण्याआधी उजव्या बाजूच्या पराचा किंवा स्नायूचा छोटा तुकडा काढून ९५ टक्क्यांच्या वर अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीत तुकड्याच्या दहापट अल्कोहोल असू द्या, आणि मासा व तुकडा यांना एकच क्रमांक द्या. उजवी बाजू यासाठी की डावी मोजायला शाबूत राहते. फॉर्मेलिन डीएनएचे तुकडे करते आणि ते प्रथिनांशी जखडते. तिथून मग वाचन फार क्वचित निघते. मासा मारताना जिवंत फॉर्मेलिनमध्ये सोडू नका: अर्धा मिली लवंगतेल थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून एक लिटर पाण्यात मिसळा आणि कल्ले थांबल्यावरही दहा मिनिटे त्यात राहू द्या.

आमच्या तलावातून नवा मासा निघाला तर गावाचे नाव देता येईल का? आजोबांचे? नाव आधी राखून ठेवता येते का? खर्च किती?
— लाखांदूर, जि. भंडारा

नावाला फी नाही आणि राखीव जागाही नाही. पहिले वैध नाव टिकते. गावावरून नाव असेल तर शेवटी सहसा 'एन्सिस' येते. आजोबांसाठी नावापुढे 'आय', आजीसाठी 'ए', दोघांसाठी 'ओरम'. स्वतःचे नाव देण्याला नियमात बंदी नाही, पण कोणी देत नाही, हसे होते. बोलीतला शब्द तसाच्या तसा घेता येतो: कर्नाटकातल्या पट्टेदार डारिओ हुलीचे 'हुली' म्हणजे कन्नडमधला वाघ. म्हणून धीवरांचे नाव चिठ्ठीत लिहायला वर सांगितले.

नाव वैध ठरायला काय लागते ते प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहे. जुन्या नावांची मोजणी १७५८ पासून. २००० पासून नव्या प्रजातीसाठी एक मुख्य नमुना, होलोटाइप, ठरवून तो कोणत्या संग्रहात ठेवला ते लेखात लिहिणे सक्तीचे आहे. बाकीचे नमुने पॅराटाइप. नुसत्या ऑनलाइन नियतकालिकात छापायचे तर २०१२ पासून झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंद लेखातच छापलेली हवी. नमुना घरच्या कपाटात चालत नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली एक. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

नाव आधीच वापरलेले आहे का, ते मात्र तपासा. २०१२ मध्ये दक्षिणेतल्या काही मासोळ्यांच्या जीनसला 'द्रविडिया' नाव दिले. ते एका माशीला आधीच दिलेले निघाले, म्हणून २०१३ मध्ये 'हलुदारिया' करावे लागले. हॅमिल्टन यांची माशांची चित्रे काढणाऱ्या हलुदार या बंगाली चित्रकाराची त्यात आठवण आहे.

आणि लेख छापून येईपर्यंत नाव वर्तमानपत्राला देऊ नका. वर्णनाशिवाय छापलेले नाव नियमात उभे राहत नाही आणि गोंधळ मात्र मागे उरतो.

मत्स्य सहकारी संस्थेचा तलाव आहे. नवी मासोळी जाहीर झाली तर सरकार आमची मासेमारी बंद करेल, अशी लोकांना भीती आहे. ती लपवावी का?
— नवेगावबांध परिसर

लपवू नका. नव्या प्रजातीचे नाव छापल्याने कोणतीही बंदी आपोआप येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत नाव आले तरच तो लागू होतो, आणि त्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया असते. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीतला दर्जाही भारतीय कायदा नव्हे. अभ्यासक नमुने मागायला आले तर ठराव करूनच द्या, आणि किती घेतले, कुठे जमा केले, लेखात गावाचा उल्लेख होणार का, हे लिहून घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवहीत मासोळीची नोंद केली तर तिच्यावरचा गावाचा दावा मजबूत होतो. सामूहिक वनहक्क असलेल्या गावांत ग्रामसभेला विचारल्याशिवाय नमुने नेऊ देऊ नयेत.

गावच्या टाक्यात पिल्लेच घालणारी, शेपटी गोल असलेली राखाडी मासोळी दिसते. अंडी दिसत नाहीत. नवी आहे का?
— मेहकर, जि. बुलढाणा

नाही. ती गँबुझिया, डासांच्या अळ्या खायला सोडलेली उत्तर अमेरिकेतली मासोळी. नराचा गुदपर सुईसारखा लांब असतो, त्यावरून पटकन ओळखता येते. टाक्यातली ओढ्यात किंवा तलावात सोडू नका. ती देशी मासोळ्यांची अंडी आणि पिल्ले खाते.